तुर्कस्तान की ऑस्ट्रेलिया? प्रश्न शेवटच्या हप्त्याचा

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, पाठोपाठ सराव-निवडीचा कॅम्प, आणि मेच्या मध्यावर तिच्या संघांच्या याद्या लागतात. जेमतेम 12 जणींच्या त्या यादीत नाव न आलेल्या, पण खेळात काहीच कमी नसलेल्या अमेरिकन मुलीपुढे उन्हाळ्यात बहुधा दोन करार येतात. एक तुर्की लीगमधल्या मधल्या फळीच्या क्लबचा, दुसरा डब्ल्यूएनबीएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या महिला बास्केटबॉल लीगचा. तुर्की करारावरचा आकडा मोठा असतो, आणि घरचे सगळे तोच आधी बघतात.

मोठ्या आकड्यांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवडलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा डब्ल्यूएनबीए पगार होता 76,535 डॉलर. त्याच्या कितीतरी आधी, 2015 मध्ये, डब्ल्यूएनबीएची नामवंत खेळाडू डायना टॉरासीने तिथला उन्हाळी मोसम सोडून विश्रांती घ्यावी म्हणून रशियातल्या येकातेरिनबर्गच्या क्लबने तिला पैसे मोजले होते. पण ते दिवस रशियाचे होते. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे खेळणाऱ्या अमेरिकन ब्रिटनी ग्रायनरला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली आणि अमेरिकन मुलींचा ओघ इतरत्र वळला. 2023 आणि 2024 ची युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च महिला स्पर्धा, जिंकणारा फेनरबाहचे हा तुर्कस्तानचा वरचा मजला. नवख्या मुलीला दार उघडतं ते बरंच खाली.

खेळ शिकायला तुर्कस्तान सरस, यात वाद नको. अंगावर येणारा बचाव, आणि क्लब युरोपात खेळत असेल तर आठवड्याच्या मधोमध आणखी एक सामना. घर, बहुतेकदा गाडी, जाण्यायेण्याची तिकिटं आणि करानंतरची निव्वळ रक्कम क्लबकडून. एजंटची फीही बहुधा क्लबच भरतो. दोन गोष्टी मात्र आधीच पक्क्या कराव्यात. रक्कम डॉलर किंवा युरोत लिहिलेली असावी, लिरात नको. आणि क्लबने तिच्या नावावर कर भरल्याचा दाखला मिळेल, हे करारातच यावं. तो नसेल तर अमेरिकेत विवरणपत्र भरताना त्या कराची वजावट मागता येत नाही.

खरी अडचण एप्रिलची. ऑक्टोबर, नोव्हेंबरचा पगार वेळेवर येतो. जानेवारीचा दहा दिवस उशिरा. फेब्रुवारीत 'प्रायोजकाचे पैसे अडकलेत' असं कानावर येतं. मार्च सरताना दोन हप्ते थकलेले, संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर, आणि अमेरिकेतून कॅम्पचं बोलावणं. त्या वेळी ऑफिसात एक कागद पुढे सरकवला जातो: एक हप्ता आज घे, बाकीवरचा हक्क सोडल्याची सही कर, उद्याचं तिकीट काढतो. वर हळूच सांगितलं जातं की सही नाही केलीस तर क्लिअरन्स, म्हणजे दुसऱ्या देशात खेळायला लागणारं परवानगीपत्र, अडेल.

हे खरं नसतं. बदलीच्या तारखेनंतरही करार चालू असेल तरच फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत क्लिअरन्स नाकारता येतो. हिशेब बाकी आहे हे कारण तिथे चालत नाही. थकबाकीसाठी जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाता येतं, पण त्याचं कलम करारात असेल तरच. अर्जाची फी परत मिळत नाही, निकालाला महिने लागतात. म्हणून विशीतल्या मुली सही करून मोकळ्या होतात. सगळेच क्लब असे नसतात, हेही सांगायला हवं. पण कुठला तसा निघेल, हे ऑगस्टमध्ये कळत नाही.

डब्ल्यूएनबीएच्या खेळाडू संघटनेबरोबरच्या 2020 च्या करारात 2024 पासून अट आली: दोन वर्षांपेक्षा जास्त अनुभव असलेली खेळाडू कॅम्पच्या सुरुवातीला किंवा 1 मेला, यांतलं जे नंतर येईल तोवर, हजर झाली नाही तर तिचा पूर्ण मोसम जातो. नवखीला ही अट नव्हती, पण उशिरा येणाऱ्या नवखीसाठी जागा धरून ठेवतं कोण? आणि शरीराचं काय? एप्रिल 2019 मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात ब्रिआना स्टुअर्टचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला. डब्ल्यूएनबीएची आदल्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू तो सगळा मोसम बाहेर बसली.

डब्ल्यूएनबीएल ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चमध्ये संपते. कॅम्पआधी चार-सहा आठवडे झोप, व्यायाम, घरचं जेवण. पगार कमी, हे खरंच. त्यातून तिथला करही कापला जातो. पर्थहून टाउन्सव्हिलला जायचं म्हणजे अख्खा खंड ओलांडायचा. परदेशी खेळाडू मोजक्या, त्यामुळे दोन महिने नेम चुकला तर बदली शोधायला क्लब थांबत नाही. व्हिसा 408 वर्गाचा लागतो. सुपरचे, म्हणजे मालकाने भरलेल्या निवृत्तिनिधीचे, पैसे देश सोडून व्हिसा संपल्यावर अर्ज करून काढायचे, त्यातून साधारण 35 टक्के कर जातो. कित्येक जणी हा अर्ज करायलाच विसरतात. पण किमान पगार खेळाडू संघटनेबरोबरच्या सामूहिक कराराने ठरलेला असतो, आणि मार्चमध्ये निरोप घेताना कुठलाही कागद सहीसाठी पुढे येत नाही.

अमेरिकन सॅमी व्हिटकॉमला 2010 मध्ये कोणी ड्राफ्ट केलं नाही. जर्मनीनंतर ती पर्थजवळच्या रॉकिंगहॅमला राज्य लीगमध्ये खेळली, मग डब्ल्यूएनबीएलमध्ये पर्थ लिंक्सकडून. 2017 मध्ये, 28 व्या वर्षी, डब्ल्यूएनबीएच्या सिएटल संघाने तिला घेतलं. पुढच्याच वर्षी विजेतेपद, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून कांस्यपदक. सगळ्यांचं असं होत नाही, पण कॅम्पला ताजंतवानं पोचणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

तरीही तुर्कस्तानच निवडायचं असेल तर सहीआधी तीन ओळी घालून घ्या: शेवटचा हप्ता 15 मार्चला, हप्ता ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त थकला तर सराव आणि सामने थांबवण्याचा हक्क, बाकी रक्कम देय राहून, आणि कॅम्पसाठी निघण्याची तारीख, आकड्यात. क्लबने तिसरी ओळ खोडली, तर पहिल्या दोनही पुन्हा वाचाव्यात.