मुंबई इंडियन्सचे दोन्ही संघ : एका संपूर्ण हंगामानंतरचा अनुभव

मुंबई इंडियन्सचा पुरुष संघ 2008 पासून आयपीएलमध्ये आणि महिला संघ 2023 पासून महिला प्रीमियर लीगमध्ये मैदानात आहे. नाव एक, जर्सीचा निळा रंग एक, मालकीही एकच, तरी बहुतेक समर्थक या दोहोंपैकी एकच संघ मनापासून पाहतात. 2025 मध्ये मी दोन्ही संघांचा हंगाम सलग पाहायचे ठरवले. 15 फेब्रुवारीला बडोद्यात महिला संघाने सुरुवात केली आणि 1 जूनला अहमदाबादेत पुरुष संघाचा प्रवास थांबला. मुंबईतले सामने जमेल तेवढे प्रत्यक्ष मैदानावर आणि बाहेरगावचे घरी पडद्यावर, असा तो काळ गेला. त्यानंतर लगेच न लिहिता मी काही महिने जाऊ दिले, कारण हंगाम संपल्या संपल्या लिहिलेल्या मतात शेवटच्या सामन्याचा आनंद किंवा राग जास्त असतो. हे लिहिताना डिसेंबर 2025 आहे, महिला संघाचा नवा लिलाव पार पडला आहे आणि माझे मत बऱ्यापैकी स्थिरावले आहे. या फ्रँचायझीकडे, म्हणजे दोन्ही संघ चालवणाऱ्या संस्थेकडे, आज जे उत्तम आहे ते महिला संघात अधिक स्पष्ट दिसते, आणि मुंबईच्या प्रेक्षकाला नेमके तेच सर्वांत कमी पाहायला मिळते.

महिला संघाच्या हंगामाची रचनाच पाहणाऱ्याला अनुकूल आहे. साखळीत प्रत्येक संघाचे आठ सामने असतात, त्यामुळे एकही सामना वाया गेला असे म्हणायची सोय नसते. बडोद्यातला पहिलाच सामना दिल्लीने शेवटच्या चेंडूवर दोन गडी राखून जिंकला, आणि नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद 80 धावा व्यर्थ गेल्या. पुढे 21 फेब्रुवारीला बंगळुरूत गतविजेत्या रॉयल चॅलेंजर्सविरुद्ध संघ अडचणीत असताना अमनजोत कौरने आधी तीन बळी आणि मग नाबाद 34 धावा अशी दुहेरी कामगिरी केली, आणि तिच्यासोबत शेवटपर्यंत उभी होती ती सोळा वर्षांची जी. कमलिनी. तमिळनाडूच्या या यष्टिरक्षक-फलंदाज मुलीसाठी डिसेंबर 2024 च्या लिलावात फ्रँचायझीने 1 कोटी 60 लाख रुपये मोजले, तेव्हा अनेकांना ते धाडस वाटले होते. त्या रात्री तिने केलेल्या धावा फक्त 11 होत्या, पण भरलेल्या चिन्नास्वामी मैदानात विजयी फटका मारताना तिच्या हालचालीत जी शांतता होती, ती पाहिल्यावर त्या रकमेमागचा विचार कळला.

खेळाडू ओळखण्याची ही नजर दोन्ही संघांत दिसते, आणि मुंबई इंडियन्सची खरी संपत्ती मी तिलाच मानते. पुरुष संघात जसप्रीत बुमराह, हार्दिक पंड्या आणि तिलक वर्मा याच वाटेने आले. 2025 च्या पहिल्याच सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर विघ्नेश पुथूर हा केरळचा डावखुरा मनगटी फिरकी गोलंदाज आला. तो तोपर्यंत आपल्या राज्याच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळलेला नव्हता, आणि त्याने ऋतुराज गायकवाडसह तिघांना बाद केले. आठवडाभरातच वानखेडेवर अश्वनी कुमार या पंजाबच्या वेगवान गोलंदाजाने पदार्पणात 24 धावांत चार बळी घेतले आणि कोलकाता 116 धावांत संपले. महिला संघात कोलकात्याची सायका इशाक 2023 मध्ये अशीच पुढे आली, तर वायनाडची सजीवन सजना 2024 च्या सलामीच्या सामन्यात आल्या आल्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारून सामना जिंकून गेली. मोठी नावे विकत घेणे पैशाने जमते. जिल्हा पातळीवरच्या मैदानांवर जाऊन, अनेक दिवस पाहून, कोणाच्याही नजरेत न आलेल्या मुलामुलीवर विश्वास टाकणे याला चिकाटी लागते, आणि ती या फ्रँचायझीत आहे.

फरक पडतो तो अशा खेळाडूंभोवती उभ्या असलेल्या गाभ्यात. हरमनप्रीत कौर, सिव्हर-ब्रंट, हेली मॅथ्यूज आणि अमेलिया कर या चौघी पहिल्या हंगामापासून एकत्र आहेत. त्यांच्यामागे शार्लट एडवर्ड्स, झुलन गोस्वामी आणि देविका पळशीकर असा प्रशिक्षकांचा ताफा 2023 मध्ये उभा राहिला, तेव्हाच या संघाला स्वतःचा स्वभाव मिळाला. पहिल्या सहा षटकांत काही बिघडले तरी या संघात धावपळ दिसत नाही. 15 मार्च 2025 च्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या मारिझान कॅपच्या गोलंदाजीपुढे सुरुवातीची षटके अक्षरशः खेळून काढावी लागली, दोन्ही सलामीच्या फलंदाज गेल्या, आणि त्यानंतर हरमनप्रीत व सिव्हर-ब्रंट यांनी 89 धावांची भागीदारी केली. हरमनप्रीतच्या 44 चेंडूंतील 66 धावांमुळे धावसंख्या 149 पर्यंत पोहोचली. ती पुरेल असे मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानाच्या सज्जात माझ्या आसपास बसलेल्या कोणालाही वाटत नव्हते, तरीही दिल्लीचा डाव 141 वर थांबला. सिव्हर-ब्रंटने त्या स्पर्धेत 523 धावा केल्या. महिला प्रीमियर लीगच्या एका हंगामात पाचशे धावा ओलांडणारी ती पहिली फलंदाज. मॅथ्यूज आणि कर यांनी प्रत्येकी 18 बळी घेतले. हे तीन आकडे शेजारी ठेवले की संघाचा तोल कळतो.

ब्रेबॉर्नबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. 10, 11, 13 आणि 15 मार्च अशा सहा दिवसांत संघाचे चार सामने तिथे झाले. गुजरातविरुद्धचा पहिला सामना नऊ धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी बंगळुरूकडून अकरा धावांनी हार झाली, आणि साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारी थेट अंतिम फेरीची संधी दिल्लीकडे गेली. मग बाद फेरीत मॅथ्यूज व सिव्हर-ब्रंट या दोघींच्या प्रत्येकी 77 धावांच्या बळावर 213 धावांचा डोंगर रचला गेला. मैदान लहान, प्रेक्षक खेळपट्टीच्या जवळ, आणि गर्दीत किट बॅगा घेऊन थेट सरावावरून आलेल्या मुलींचे घोळके. त्या मुली क्षेत्ररक्षणाची जागा बदलली की आपापसात त्याचे कारण सांगत होत्या. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एका रांगेत बसून क्रिकेट पाहत आहेत हे दृश्य मला मुंबईत आधी दिसले नव्हते. स्वच्छतागृहे, बाहेर पडण्याचे दरवाजे, चर्चगेट स्थानकापर्यंतचे चालणे, सगळे सुटसुटीत होते.

मात्र हा अनुभव मुंबईला किती मिळाला? 2023 चा पहिला हंगाम पूर्णपणे ब्रेबॉर्न आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला, आणि महिला व मुलींना प्रवेश विनामूल्य होता. त्या हंगामात मुंबईने विजेतेपद मिळवले, आणि 2024 ची स्पर्धा बंगळुरू व दिल्ली या दोनच शहरांत झाली. म्हणजे विजेता संघ आपल्या शहरात एकही सामना न खेळता पुढचा हंगाम खेळला. 2025 मध्ये साखळीतले फक्त दोन सामने इथे होते. बाद फेरी आणि अंतिम सामना मुंबईत असल्याने आणि संघ तिथवर पोहोचल्याने आम्हाला आणखी दोन मिळाले. पुरुष संघाला साखळीत घरच्या मैदानावर सात सामने हमखास मिळतात. वेळापत्रक क्रिकेट मंडळ ठरवते, फ्रँचायझी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही 2023 मध्ये या महिला संघासाठी 912 कोटी 99 लाख रुपये मोजणाऱ्या मालकांनी घरच्या सामन्यांचा आग्रह उघडपणे धरावा, अशी माझी ठाम अपेक्षा आहे. समर्थक तयार होतो तो मैदानावर, आणि वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या दारातून किती जण आत येणार?

पुरुष संघाचा 2025 चा हंगाम भावनिकदृष्ट्या कितीतरी अधिक ओढाताणीचा गेला. 2024 मध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याकडे नेतृत्व दिल्यावर वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली आणि संघ तळाला राहिला. ते पाहणे वेदनादायक होते, आणि मुंबईच्या प्रेक्षकाला शोभणारे नव्हते. 2025 मध्ये तो कडवटपणा ओसरला. पहिल्या पाच सामन्यांत एकच विजय, त्यानंतर सलग सहा विजय, अशी ही वाटचाल. महेला जयवर्धने मुख्य प्रशिक्षक म्हणून परत आल्याचा आणि बुमराह दुखापतीतून सावरून उतरल्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. सूर्यकुमार यादवने 717 धावा केल्या. प्रत्येक डावात किमान 25 धावा करणारे त्याचे सातत्य त्याच्या षटकारांपेक्षाही मला जास्त मोलाचे वाटले, कारण त्याच्या भरवशावर नवे फलंदाज मोकळेपणाने खेळू शकले.

वानखेडेवर जाण्याचा अनुभव मात्र थकवणारा असतो. तिकिटे मिळवणे ही स्वतंत्र खटपट आहे, आणि ब्रेबॉर्नच्या तुलनेत त्यासाठी कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. दोन चेंडूंच्या मध्येही ध्वनिक्षेपक थांबत नाहीत, त्यामुळे क्षेत्ररक्षणातला बदल शेजाऱ्याला सांगायचा तर ओरडावे लागते. 6 मेच्या रात्री गुजरातविरुद्धचा सामना पावसामुळे मध्यरात्र उलटून शेवटच्या चेंडूवर संपला. हरल्याच्या दुःखापेक्षा शेवटची लोकल गाठण्याची घाई मोठी होती, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांची त्या वेळी झालेली दमछाक मी पाहिली. उपनगरांत आणि त्यापलीकडे राहणाऱ्या प्रेक्षकांचा विचार करता अशा रात्री परतीची व्यवस्था काय असेल, याची सूचना मैदानातल्या पडद्यावर वेळेत मिळायला हवी. इतक्या जाहिराती दाखवणाऱ्या त्या पडद्यावर एवढी जागा नक्कीच आहे.

याला एक सुंदर अपवाद होता, 27 एप्रिलच्या दुपारचा लखनौविरुद्धचा सामना. फ्रँचायझी दरवर्षी एक सामना शिक्षण आणि क्रीडा उपक्रमातील मुलांसाठी राखून ठेवते, आणि त्या दिवशी निळ्या टोप्या घातलेल्या हजारो मुलांनी सज्जे भरले होते. बुमराहने 22 धावांत चार बळी घेतले आणि संघ 54 धावांनी जिंकला, पण त्या मुलांना धाव, चौकार, झेल, अगदी अडवलेला चेंडूही सारखाच प्रिय होता. असा एक दिवस महिला संघाच्या सामन्यासाठीही दरवर्षी मुंबईत ठेवावा. त्याचा परिणाम पुढच्या दहा वर्षांत शहरातल्या शाळांच्या मैदानांवर दिसेल, याबद्दल मला शंका नाही.

शहराशी असलेले नाते हा या फ्रँचायझीचा नाजूक भाग आहे. अंतिम सामन्यात मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज दिल्लीकडून खेळत होती आणि टाळ्या तिलाही मिळत होत्या. सांगलीची स्मृती मानधना बंगळुरूची कर्णधार आहे, त्यामुळे 11 मार्चला तिच्या 53 धावांच्या वेळी सज्जातली अनेक मराठी घरे कोणाच्या बाजूने होती हे सांगणे अवघड होते. पुरुषांच्या दुसऱ्या पात्रता सामन्यात तर मुंबईकडून रणजी खेळणाऱ्या श्रेयस अय्यरने पंजाबसाठी 41 चेंडूंत नाबाद 87 धावा करून मुंबई इंडियन्सला बाहेर काढले. आयपीएलमध्ये प्रथम फलंदाजी करताना दोनशेहून अधिक धावा करूनही सामना गमावण्याची या संघाची ती पहिलीच वेळ होती. संघाच्या नावात मुंबई असली तरी मुंबईचे क्रिकेट कितीतरी मोठे आहे, आणि दोन्हींवर एकाच वेळी प्रेम करता येते हे या हंगामात मला पटले.

2 नोव्हेंबरला नेरुळला भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा हरमनप्रीत, अमनजोत, जेमिमा, स्मृती या साऱ्या जणी एका बाजूला होत्या. त्यानंतरच्या लिलावात फ्रँचायझीने गाभा टिकवला: सिव्हर-ब्रंट, हरमनप्रीत, मॅथ्यूज, अमनजोत आणि कमलिनी यांना कायम ठेवले, आणि करला तीन कोटी रुपये देऊन परत घेतले. एडवर्ड्स इंग्लंडच्या प्रशिक्षक झाल्याने आता सूत्रे लिसा कीटली यांच्याकडे आहेत. संघाचा शांत स्वभाव नव्या हातांत कसा राहतो हे मी बारकाईने पाहणार आहे.

या फ्रँचायझीचे सामने पहिल्यांदाच मैदानावर जाऊन पाहू इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला असा, की वानखेडेच्या तिकिटांमागे धावण्याआधी महिला संघाचा सामना पाहा, आणि मुली घरात असतील तर त्यांना अवश्य सोबत न्या. 2026 च्या हंगामाचा पहिला सामना 9 जानेवारी रोजी डी. वाय. पाटील मैदानावर मुंबई विरुद्ध बंगळुरू असा ठरला. नेरुळ किंवा जुईनगर स्थानकावर उतरून मैदान गाठता येते. दरवाजांवर तपासणीला वेळ लागतो, त्यामुळे नाणेफेकीच्या तासभर आधी पोहोचावे.