मुलांच्या नोंदी: तक्ता बरा की वही?

बालवाडीतली मुलं एकमेकांशी कशी वागतात हे टिपायचं तर तक्त्यात खुणा करायच्या की वहीत चार ओळी लिहायच्या, असं नव्यानं लागलेल्या ताई मला विचारतात. सांगलीत शिकवताना मी दोन्ही केलंय.

तक्त्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या मिसळण्याचे सहा प्रकार मांडले: नुसतं रेंगाळणं, एकट्यानं खेळणं, बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं आणि कामं वाटून घेऊन खेळणं. एकेका मुलाकडे एक मिनिट बघायचं, खूण करायची, पुढच्याकडे वळायचं. तीस मुलं आणि एकटी ताई असेल तर याचा मोठा आधार वाटतो, कारण कुणीच सुटत नाही. वहीत मात्र भांडखोर मुलांची पानं भरतात, गप्प मुलांची कोरी राहतात.

तरीही मी तक्ता सोडला, तो त्या एका मिनिटामुळं.

२०१९च्या पुरानंतर शाळा सुरू झाली तेव्हा मुलं रोज होडी-होडी खेळायची. सतरंजी म्हणजे होडी. गावभागातली एक चार वर्षांची मुलगी आठवडाभर भिंतीला टेकून उभी. माझी तिच्यापुढं रोज तीच खूण, 'बघत राहणं'. एके दिवशी तिचं मिनिट संपलं, मी पुढच्या मुलाकडे वळले आणि मागून तिचा आवाज आला, "आधी आज्जीला घ्या, तिला पोहता येत नाही." वळून बघते तर ती सतरंजीवर बसलेली, एका मुलाला आज्जी करून हाताला धरलेलं. तक्त्यात मात्र त्या दिवशीही 'बघत राहणं'च. खूण खोटी नव्हती. पण ती आठ दिवस काय बघत होती, ते लिहायला जागाच नव्हती. खरं तर पार्टेन यांच्या व्याख्येतही बघणारं मूल बोलतं, सुचवतं, फक्त खेळात शिरत नाही. तक्ता भरायच्या घाईत आपण तेवढंही ऐकत नाही.

जून आणि डिसेंबरची तुलना हवी असेल किंवा वर अहवाल द्यायचा असेल, तर तक्ता ठेवा, त्यात चूक काही नाही. मूल समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं वहीच बरी. फक्त 'लाजाळू', 'हट्टी' असे शब्द लिहू नका. तारीख, सोबत कोण होतं आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं, एवढं पुरतं. ज्यांचं पान कोरं आहे त्यांच्याकडे मी सोमवारी आधी बघते.

पालकसभेत त्या मुलीच्या आईनं काळजीनं विचारलं, "ही कुणात मिसळतच नाही का हो?" मी तो प्रसंग सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमच्या दारात होडी आली, तेव्हा सासूबाईंनाच आधी बसवलं होतं."