कॅनडा की जर्मनी? तिशी ओलांडलेल्या ठाणेकर जोडप्यासाठी

दिवाळीला ठाण्यात आलो, तर चार दिवसांत तीन जोडप्यांनी एकच प्रश्न विचारला: कॅनडाला जावं की जर्मनीला? तिघांचंही चित्र सारखंच: दोघांकडे इंजिनीअरिंगची पदवी, घोडबंदर रोडला घर, ऐरोली-महापे पट्ट्यात नोकऱ्या आणि ९० दिवसांचा नोटीस पीरियड. आम्ही आधी कॅनडाची वाट धरली होती आणि गेलो जर्मनीला, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा काय, ब्लू कार्ड हा पदवीधरांसाठीचा जर्मनीतला नोकरीचा परवाना काय, हे सगळं तुम्ही केव्हाच वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही.

कॅनडाच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊनच विमानात बसायचं, उतरल्यापासून दोघांनाही कुठेही नोकरी करायची मोकळीक आणि सगळा व्यवहार इंग्रजीत. आई-वडिलांचा विचार केला तर पारडं तिकडे आणखीच झुकतं. बायकोची मावसबहीण कॅनडात मिसिसागाला असते. तिची आई सुपर व्हिसावर गेली आहे. त्या व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. उत्पन्न आणि विमा तेवढा दाखवावा लागतो. जर्मनीनेही १ मार्च २०२४ पासून परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडील आणायची वाट खुली केली आहे, पण त्या वयात त्यांचा आरोग्य विमा जमवणं फार अवघड जातं. आमचे अजून ९० दिवसांच्या व्हिसावरच येऊन जातात. हे माझ्या मनाला लागतं, आणि यात कॅनडा उजवा आहे हे कबूल करतो.

मग तिकडे का नाही गेलो?

कॅनडा गुण मोजून पीआरसाठी माणसं निवडतो, त्या पद्धतीला एक्सप्रेस एन्ट्री म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आमचं प्रोफाइल तिच्या पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत पडलं. मी मुख्य अर्जदार, ३३ वर्षांचा, एम.ई.; बायको बी.ई., दोघांचं इंग्रजी चांगलं. गुणांची बेरीज ४५०. तिला मुख्य अर्जदार करून पाहिलं, तर गुण आणखी कमी भरले. डिसेंबरमध्ये स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची निवड फेरी ४८१ वर थांबली, त्याखालच्यांना निमंत्रण नाही. आम्हाला वाटलं, अजून थोडं खाली आलं की झालंच. फेब्रुवारीत माझा वाढदिवस. सकाळी आईने औक्षण केलं आणि प्रोफाइल ४४५ वर आलं, कारण जोडीदारासह अर्ज केला की तिशीपासून दर वाढदिवसाला ५ गुण जातात. एप्रिलमध्ये स्टेमची पुढची फेरी लागली ती थेट ४९१ वर. सर्वसाधारण फेऱ्या तर त्या काळात ५२० च्या पुढेच होत्या. ३१ गुणांचं अंतर चार महिन्यांत ४६ झालं, आणि आम्ही काहीही चुकलो नव्हतो.

तरी गुणांचं एक वेळ सोडा. मला असह्य झालं ते तारीख नसणं. आमचा भाड्याचा फ्लॅट होता. करार संपत आला की ब्रोकरचा फोन यायचा, "पुढचे अकरा महिने धरू का?" आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. बायकोने वर्षभराचं एक मोठं प्रोजेक्ट सोडून दिलं, कारण मध्येच कॅनडाहून निमंत्रण आलं तर? फ्रिज बिघडला तो बदलला नाही, दुरुस्त करून चालवला. आयईएलटीएसची मुदत दोन वर्षांची, तीही मागे धावत होती. दुसऱ्यांदा अकरा महिन्यांच्या करारावर सही केली, त्या रात्री ठरलं की आता हातात तारीख येईल असाच मार्ग धरायचा.

फ्रेंच शिकलात किंवा एखाद्या प्रांताने नामांकन देऊन ६०० गुण दिले तर गणित पार बदलतं. पण ठाण्यात बसून तिकडची नोकरी मिळवून गुण वाढवायचा विचार असेल, तर २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणच बंद झाले आहेत.

जर्मनीत क्रम उलटा आहे: आधी नोकरी, मग व्हिसा. माझं काम कारखान्यातल्या यंत्रांचे कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं, त्याला तिकडे मागणी होती. एप्रिल ते जून साठेक अर्ज केले, बहुतेकांचं उत्तरही आलं नाही. पण मुलाखती संध्याकाळी साडेपाचला व्हायच्या, तेव्हा तिकडे दुपारचे दोन. कॅनडासारखं रात्रीचं जागरण नाही. आणि ९० दिवसांची नोटीस म्हटल्यावर समोरचा बिचकला नाही, कारण तिकडेही तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते. एकाने होकार दिला. इंजिनीअर टंचाईच्या यादीत येतात, त्यामुळे ब्लू कार्डाला २०२४ मध्ये वर्षाला ४१,०४१.८० युरो पगार पुरत होता (२०२५ साठी ४३,७५९.८०). परदेशी विद्यापीठांच्या त्यांच्या अनाबिन यादीत मुंबई विद्यापीठ एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त आहे, म्हणून पदवीची अडचण आली नाही. अडलं ते बायकोच्या नावावर: पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. हे कुठल्याही देशासाठी आधीच निस्तरून ठेवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही न्युर्नबर्गला उतरलो. पहिलं भाड्याचं घर पाहिलं तर स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, नुसत्या भिंती. जुना भाडेकरू सगळं उचलून नेतो, ही तिकडची रीतच आहे. महिनाभर इंडक्शनच्या एका शेगडीवर खिचडी केली. पण स्थायी परवाना २७ महिन्यांत मिळतो, बी१, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. मोजायला काहीतरी आहे, आणि मला तेच हवं होतं.

आता जर्मनीची दुखरी बाजू. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला भाषेची परीक्षा न देता व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून काम करता येतं. कागदावर हे खरं आहे. माझी बायको सॉफ्टवेअर टेस्टर, आठ वर्षांचा अनुभव, आणि तिला नोकरी लागायला दहा महिने लागले. मुलाखत इंग्रजीत छान व्हायची, मग शेवटी विचारायचे, टीमचं रोजचं बोलणं जर्मनमध्ये चालतं, जमेल का? बी१ झाल्यावरच जमलं. ते दहा महिने तिला फार जड गेले, आणि व्हिसा माझ्या नोकरीवर असल्यामुळे मलाही त्याचं ओझं वाटायचं.

तुम्ही दोघं अजून तिशीच्या आत असाल, मास्टर्स असेल, फ्रेंचची आवड असेल, तर कॅनडाचं प्रोफाइल जरूर टाका. पस्तिशीकडे झुकला असाल तर मी जर्मनीच म्हणेन, माझ्या एका घराच्या अनुभवावरून. फक्त एक करा. ज्याच्या नोकरीवर व्हिसा निघणार नाही, त्याने जोडीदाराचा पहिला अर्ज जायच्या आधी जर्मनच्या ए१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गात नाव घालावं. आम्ही ते ऑफर हातात आल्यावर घातलं.