कुंड्यांसाठी वारुळाची माती, ५ किलोची पिशवी: घ्यावी, पण खत म्हणून नाही

वाळवी खालच्या थरातली चिकणमाती कणाकणाने वर आणते, लाळेने लिंपते. त्यामुळे वारुळाच्या भिंतीची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा बहुधा बारीक, घट्ट आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमने सरस असते. या पिशवीतली ढेकळं तशीच आहेत: नखाने ओरखडा उठत नाही, पाण्यात टाकली की लोण्यासारखी मऊ होतात. पिशवीवर ‘सेंद्रिय खत’ छापलंय, ते मात्र पटत नाही. अन्नासाठी बुरशी पाळणाऱ्या वाळवीच्या वारुळाच्या भिंतीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन) पुष्कळदा वरच्या मातीपेक्षाही कमी भरतो.

नुसती भरली तर कुंडी सुकताना माती कडेपासून सुटते आणि पाणी फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच. ढेकळं रात्रभर भिजवा, वाळवा, कुटून चाळा. मग १ भाग ही माती, २ भाग जाड वाळू, १ भाग कुजलेलं शेणखत. रेताड मातीत तिचा खरा उपयोग, ओल धरून ठेवते. काळ्या मातीत घालूच नका. आधी व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फेसाळली तर चुना आहे, अनंताच्या झाडाला देऊ नका, पानं पिवळी पडतील.