निळ्या रेषेच्या आत की निळ्या-लाल रेषांमध्ये?

कुर्ल्यात मिठीकाठच्या आमच्या चाळीत २६ जुलै २००५ची पाण्याची खूण अजून भिंतीवर आहे, माझ्या खांद्याच्या वर. त्यामुळे धाकटा भाऊ बदलापूरला उल्हासकाठी जागा बघायला लागला, तेव्हा मी आधी पूररेषेचा नकाशा काढायला लावला.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदीपासून या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे मैदान, बाग, शेती चालते, घर नाही. प्लॉट निम्म्या भावात मिळतो म्हणे. मिळणारच!

लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. दोन्हींमधला पट्टा नियंत्रित. परवानगी मिळते, पण अटींवर. मुख्य अट जोत्याची: ते लाल रेषेच्या पूरपातळीच्या वर हवं. म्हणजे भराव, खर्च, आणि पावसाळ्यात गाडी कुठे लावायची हा प्रश्न उरतोच. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली होती, हेही त्याला आठवून दिलं.

माझं मत मधल्या पट्ट्याला, तेही पहिल्या मजल्यावर. भाऊ मात्र अजून निळ्या रेषेतल्या स्वस्ताईवर रेंगाळतोय. एजंट म्हणतो, ‘रेषा सरकेल, दादा.’