फूट ड्रॉपसाठी ए.एफ.ओ. स्प्लिंट: काही महिने वापरल्यानंतर

फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर न उचलता लोंबतं राहणं, आणि ए.एफ.ओ. (अँकल-फूट ऑर्थोसिस) म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारी पट्टी. आधी निकाल सांगून टाकते. स्प्लिंट चांगली आहे, पैसे वसूल आहेत, पण तो उपचार नव्हे. नस (मज्जातंतू) बरी होईपर्यंत पाऊल पडू न देणं एवढंच तिचं काम, आणि तेवढं ती चोख करते. नुसता बुटाचा नंबर टाकून ऑनलाइन मागवायच्या बेतात असाल तर मात्र जरा दमानं घ्या.

माझ्या लांबलेल्या आजारपणात वजन झपाट्यानं उतरलं, त्यात बरेच दिवस उजव्या कुशीवर पडून काढले. उठून चालायला लागले तर उजवं पाऊल वर उचलेचना. टाच टेकली की चवडा फटकन आपटायचा, सपाट फरशीवरही अंगठा अडकायचा. चालताना पावलाचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर सुटतं. तेवढंही सुटलं नाही की माणूस तोंडावर पडतो, नाहीतर जिना चढल्यासारखा गुडघा उचलत चालायला लागतो. मी दोन्ही करत होते.

पहिल्या ठिकाणी सायटिका (कमरेत नस दबून पायात येणारी कळ) म्हणून कमरेला शेक आणि ट्रॅक्शन, म्हणजे ताण देणं, सुरू झालं. कंबर दुखत नाही, हे मी दर खेपेला सांगत होते. मग दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिथे पहिल्या दिवशी एकही मशीन लावलं नाही, सगळा वेळ तपासणीतच गेला, आणि माझ्या मते आजवर मला मिळालेला सर्वांत कामाचा उपचार तोच.

ती तपासणी जरा सविस्तर सांगते, कारण स्प्लिंट घ्यायची की नाही आणि कसली, हे तिथेच ठरतं. पाऊल वर, अंगठा वर, पाऊल बाहेरच्या बाजूला: तिन्ही जमेना. मग मॅडमनी माझं पाऊल हातानं काटकोनात धरलं आणि म्हणाल्या, "आता तळवा आत वळवा, मी अडवते." ते जोरात जमलं. लोंबतं पाऊल तसंच ठेवून हीच हालचाल बघितली तर ती उगाचच कमजोर वाटते, म्हणून आधी धरायचं. नंतर कुशीवर झोपवून पाय बाजूला उचलायला लावला, तोही दणकट. कमरेतली पाचवी नस दबली असती तर तळवा आत वळवणारा स्नायू आणि खुब्याचा स्नायू दोन्ही ढिले पडायला हवे होते, कारण त्यांनाही तिथूनच पुरवठा होतो. पाय सरळ ठेवून वर उचलला तरी कळ आली नाही. शेवटी त्यांनी गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या जरा खाली बोटानं टिचकी मारली, आणि नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत झिणझिण्या गेल्या. तिथे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची पेरोनियल नस हाडाला वळसा घालते आणि वर जवळजवळ नुसती कातडीच असते. वजन उतरलं की होती ती चरबीची गादीही जाते. मग पायावर पाय टाकून बसणं, तासन्‌तास उकिडवं बसणं, घट्ट प्लास्टर किंवा माझ्यासारखं एका कुशीवर पडून राहणं, काहीही पुरतं. नंतर झालेल्या नसांच्या तपासणीतही अडथळा त्याच जागी निघाला. ही तपासणी फार लवकर करून उपयोग नसतो. स्नायूतले बदल सुईच्या चाचणीत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

ताकद मोजायला शून्य ते पाच अशी श्रेणी असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नसांच्या जखमांसाठी ती रुळवली, आजही तीच चालते. स्नायू नुसता फडफडला तर एक, आडवं ठेवल्यावर हलला तर दोन, स्वतःचं वजन उचललं तर तीन, थोडा विरोध पेलला तर चार. मी एकवर होते. हा आकडा कागदावर असल्याशिवाय 'जरा बरं वाटतंय' याला काही अर्थ नाही.

आता स्प्लिंट. माझी पातळ पॉलिप्रोपिलिन प्लास्टिकची, पोटरीच्या मागून उतरून तळव्याखाली जाणारी आणि घोट्यामागे किंचित लवचीक असलेली आहे. मापाला आधी एक तयार स्प्लिंट घालून बघितली, तर तिची वरची कड नेमकी त्या हाडाच्या उंचवट्यावर! जी नस दबली म्हणून स्प्लिंट घ्यायची, तिलाच ती दाबणार. मॅडमनी ती तिथल्या तिथे परत ठेवली आणि कड दोन बोटं खाली येईल अशी बनवून घ्यायला सांगितली. ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी माझा मुख्य इशारा हाच.

घातल्या दिवसापासून चवडा आपटणं बंद. गुडघा उंच घ्यायची सवय जायला मात्र वेळ लागला, ती आरशासमोर चालून मोडावी लागली. बुटाचं गणित वेगळंच. एक नंबर मोठा लागतो, आतलं सोल काढावं लागतं, आणि टाचेची उंची बदलली की सगळं बिघडतं. जास्त उंच टाच असली की नडगी पुढे ढकलली जाऊन गुडघा वाकायला बघतो, अगदी सपाट बुटात तो मागे ताणला जातो. मी एकच जोडी ठरवून टाकली आहे.

तोटेही आहेत. उतारावर आणि जिना उतरताना पाऊल खाली वळत नाही, म्हणून गुडघ्याला धक्का बसतो. कठडा धरूनच उतरायचं. उकिडवं बसणं विसरा. घाम येतो, सुती मोजा घालावाच लागतो. वेल्क्रोत मोज्याचे धागे अडकून पट्टा लवकर ढिला होतो, माझा बदलून झाला. आणि उजव्या पायात असल्यामुळे गाडी चालवणं बंद ठेवलं आहे. रोज काढल्यावर कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला न्यायची. ज्यांच्या पायाला कमी जाणवतं, विशेषतः मधुमेहींनी, यात हयगय करू नये, कारण फोड आलेला कळतच नाही.

स्प्लिंट घालून पाऊल काटकोनात राहतं, तरी पोटरी आखडू नये म्हणून टॉवेलनं चवडा स्वतःकडे ओढायचा व्यायाम रोज असतोच. ताकद दोनच्या पुढे गेल्यावर रबरी पट्टा आला. त्याआधी तो दिला असता तर मी नुसती बोटं आवळत बसले असते. एका पायावर तोल सांभाळणं मला सर्वांत अवघड गेलं.

करंट देणाऱ्या मशीनबद्दल फार विचारणा होते म्हणून सांगते. माझ्याच वेळेला एक बाई यायच्या, त्यांचं पाऊल पक्षाघातानंतर पडलेलं. दिसायला दोघींचं सारखं, पण त्यांची पोटरी ताठ, तळवा आत ओढलेला. त्यांच्या पायातली नस शाबूत आहे, हुकूम मेंदूकडूनच नीट येत नाही. म्हणून चालता चालता नसेला करंट देऊन पाऊल उचलायचं यंत्र त्यांना चालतं. डॉक्टर लिबरसन यांनी 1961 मध्ये ते अशाच रुग्णांसाठी दाखवलं होतं. माझी तर नसच दुखावलेली. तिच्यातून करंट जाणार कसा? स्प्लिंटही त्यांची जाड आणि ताठ, माझ्यासारखी लवचीक त्यांना पुरली नसती. त्यामुळे 'फूट ड्रॉपसाठी कुठली स्प्लिंट चांगली' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. फूट ड्रॉप कशामुळे, ते आधी सांगा.

किती दिवस लागतात? नसेचं नुसतं आवरण दबलं असेल तर काही आठवडे ते तीन-एक महिने. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. माझ्यात दोन्हींची सरमिसळ असावी, कारण पाऊल आधी उचललं जाऊ लागलं, अंगठा अजून रेंगाळतो आहे. सध्या पाऊल चारवर आहे, अंगठा दोनवर. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं आणि परत येऊन बसायचं, या चाचणीतला वेळही चांगलाच खाली आला आहे.

एक गोष्ट मात्र स्प्लिंटच्या पलीकडची. पाऊल पडण्यासोबत दोन्ही पाय ढिले पडले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर फिजिओची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी थेट इमर्जन्सीत जा.

आता घरात मी स्प्लिंटशिवाय चालते, बाहेर पडताना घालते. मॅडमनी घालून दिलेला नियम असा: दमल्यावर चवडा घासल्याचा आवाज आला की त्या दिवसापुरती परत चढवायची. संध्याकाळी अजून बऱ्याचदा चढवावी लागते.