सामूहिक ऑर्डरच्या नावाखाली झालेली फसवणूक : रेडिओ-नियंत्रित विमाने उडवणाऱ्यांच्या माहितीसाठी

पुण्यातील आमच्या रेडिओ-नियंत्रित विमानांच्या क्लबातील अनेक सभासदांचे मिळून सुमारे साडेतीन लाख रुपये एका माणसाने परदेशातून सामान मागवून देतो असे सांगून लुबाडले. पोलिसांत तक्रार दाखल झालेली आहे आणि तपास चालू असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र ज्या रीतीने त्याने हे साधले, ती रीत कोणत्याही शहरातील आमच्यासारख्या छोट्या क्लबात सहज खपेल अशी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

या छंदाचे सामान मिळवणे सोपे नाही, आणि त्या अडचणीतच या फसवणुकीचे मूळ आहे. सोल्डरिंगची तार, कनेक्टर, हीट-श्रिंक, चार्जरची वायर असल्या गोष्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. परंतु जवळजवळ तयार अवस्थेतील बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान, चांगल्या कंपनीचा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ (विमान चालवण्याचा हातातला रिमोट) किंवा ग्लो इंजिनाचे (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचे) सुटे भाग हवे असतील तर मोजकी दुकाने आणि बरीच प्रतीक्षा एवढेच हाती राहते. त्यात ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांना ती बंदी लागू नसली, तरी आपले विमान कस्टम अधिकाऱ्याच्या दृष्टीने ड्रोन ठरेल की नाही याची धास्ती सभासदांच्या मनात राहिलीच. शिवाय वायरलेस उपकरण आणायचे तर दूरसंचार विभागाची ईटीए ही मंजुरी लागते. अशा वेळी ‘कागदपत्रांचे मी बघतो, तुम्ही फक्त यादी द्या’ असे म्हणणारा माणूस भेटला की हायसे वाटणे स्वाभाविक आहे.

लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची एनडीए यांच्यापासून दूर, पौडच्या बाजूच्या एका माळावर आम्ही रविवारी सकाळी, वारा वाढण्यापूर्वी, विमाने उडवतो. पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात आणि ते महिने विमाने बांधण्यात व सामान जमवण्यात जातात. माळावर कोणाची बॅटरी संपली तर शेजारचा आपली देतो, प्रॉपेलर मोडला तर दुसऱ्याच्या डब्यातून निघतो, आणि नवशिक्याला बडी बॉक्सवर (शिक्षक व शिकाऊ यांचे रिमोट जोडून) शिकवणारा आपल्या वेळेचे पैसे कधी मागत नाही. या देवाणघेवाणीचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, आणि ठेवू नये असेच मला आजही वाटते. तो माणूस याच मोकळेपणातून आत आला.

दिवाळीनंतरच्या हंगामात तो प्रथम माळावर आला. बोलणे अदबीचे, वडीलधाऱ्यांना ‘काका’ म्हणण्याची सवय, आणि हातात खरोखरीचे कौशल्य. एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे विमान उतरताना नाकावर आपटले आणि मोटर बसते ती पुढची लाकडी फायरवॉल चिरली. त्या मुलाने विमान गुंडाळून घरी न्यायची तयारी केली होती. या माणसाने खिशातून पातळ सीए ग्लूची (झटपट चिकटणाऱ्या डिंकाची) बाटली काढली, चिरेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरला आणि त्यावर ग्लूचे दोन थेंब सोडले. चर्र असा बारीक आवाज झाला, किंचित धूर आला आणि काही क्षणांत तो भाग दगडासारखा कडक झाला. दहा मिनिटांत विमान पुन्हा हवेत होते. त्या सकाळनंतर त्याच्याविषयी कोणाच्या मनात किंतु राहिला नाही. कौशल्य खरे होते हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण फसवणारा माणूस विषयात अडाणी असतो आणि चार प्रश्न विचारले की उघडा पडतो, या समजुतीवर कोणी विसंबून राहू नये.

पुढे त्याने एक लहान ऑर्डर गोळा केली. ९ ग्रॅमचे सर्व्हो (विमानाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), प्रॉपेलर, काही ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि ३ सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिथियम-आयनच्याच प्रकारच्या) बॅटऱ्या, सगळे बाजारभावापेक्षा थोडे स्वस्त. माल वेळेवर आला. त्यानंतर मोठी ऑर्डर निघाली : दीड मीटर पंखांची ट्रेनर (शिकाऊंसाठीची) विमाने, रिसीव्हरसह रेडिओ आणि बॅटऱ्यांचा मोठा साठा. निम्मी रक्कम आगाऊ मागितली गेली आणि ती यूपीआयने तीन वेगवेगळ्या खात्यांवर घेतली गेली. त्यातले एक त्याचे स्वतःचे होते, दुसरे ‘भाच्याचे’ आणि तिसरे एका फर्मच्या नावाचे. एकाच खात्यावर मर्यादेपेक्षा जास्त रक्कम येते, असे कारण त्याने दिले. पावती कोणालाही मिळाली नाही.

महिन्याभराने पार्सल मुंबईत अडकल्याचा निरोप आला. बंदीचा नियम खरा होता, ईटीएची अट खरी होती, आणि या दोन खऱ्या गोष्टींच्या आधारावर त्याने खोटी गोष्ट उभी केली : अधिकाऱ्यांनी माल ड्रोन समजून रोखला आहे, प्रत्येकाने आणखी काही हजार भरले तर तो सुटेल. सोबत राजमुद्रा असलेले कस्टमचे पत्र आणि कुरियरचा ट्रॅकिंग क्रमांक. काही जणांनी ती रक्कमही भरली. विद्यार्थ्यांनी ती घरून मागून आणली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद निवृत्तीपूर्वी न्हावाशेवा बंदरात मालाच्या क्लिअरिंगचे काम पाहत असत. त्यांनी ते पत्र मागून घेतले आणि पहिल्याच नजरेत त्यावर डीआयएन नसल्याचे दाखवले. २०१९ पासून कस्टमच्या अशा पत्रव्यवहारावर हा ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. मग त्यांनी बिल ऑफ एंट्रीचा (आयात मालाच्या कस्टममधील नोंदपत्राचा) क्रमांक मागितला, कारण तो असेल तर मालाची स्थिती आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर पाहता येते. तो आज मिळेल, उद्या मिळेल असे होत राहिले. सीमाशुल्क हे सरकारी चलनाने भरले जाते, किंवा कुरियर कंपनी स्वतः भरून आपल्या बिलात लावते. ते कोणाच्या भाच्याच्या यूपीआयवर जात नाही, हे त्यांनी सर्वांसमोर स्पष्ट सांगितले. शेवटी ट्रॅकिंगची नोंद नीट उघडली तेव्हा पार्सलचे वजन अर्धा किलो निघाले. दीड मीटर पंखांच्या एकाच विमानाचा नुसता खोका त्याहून जड असतो. तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या तरी पाकिटाचा होता.

एक गोष्ट तर आधीच खटकायला हवी अशी होती. बॅटऱ्या ओळखीच्या माणसाकडून प्रवासी विमानाच्या मालातून येणार, असे तो सांगत असे. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे.

संशय पक्का झाल्यावर आम्ही त्या पहिल्या, वेळेवर आलेल्या ऑर्डरकडे वळलो. एका सभासदाचे विमान हवेत असताना मोटर अवेळी बंद पडत असे आणि तो बिचारा ईएससी बदलत बसला होता. त्याच्या बॅटरीचे निळे प्लॅस्टिकचे आवरण ब्लेडने कापले. बाहेर २२०० एमएएच (बॅटरीची क्षमता) छापलेले होते. आत जुने, पिवळसर पडलेले लेबल निघाले आणि त्यावर १३०० हा आकडा होता. एक सेल कडेने फुगलेला होता. भार आला की त्या सेलचे व्होल्टेज कोसळत असे आणि ईएससी आपले काम चोख करून मोटरचा वीजपुरवठा तोडत असे. यात पैशापेक्षा मोठा धोका आहे. २२०० समजून १सी दराने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच प्रवाहाने, २.२ अँपिअरने चार्जिंग लावले, तर या जुन्या १३०० च्या सेलमध्ये तो प्रवाह जवळजवळ १.७सी होतो, आणि फुगलेली लिपो अशा वेळी पेट घेऊ शकते. त्याच्याकडून कोणी बॅटऱ्या घेतल्या असतील तर त्या घरात चार्ज करू नयेत. वजनकाट्यावर ठेवून पाहाव्यात. ३ सेलची खरी २२०० ची बॅटरी साधारण १७० ते २०० ग्रॅम भरते, आणि लहान क्षमतेची त्यापेक्षा स्पष्टपणे हलकी लागते.

आम्ही १९३० या हेल्पलाइनवर कळवले आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो आणि त्याच आधारे पोलिसांत अर्ज दिला. शेवटच्या हप्त्यातील थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेल्याचे कळले आहे. आधीची रक्कम केव्हाच काढून घेतलेली होती. ज्यांनी लगेच फोन केला त्यांचीच रक्कम गोठवली गेली, ज्यांनी ‘चार दिवस वाट पाहू’ म्हटले त्यांची नाही. व्यवहारांचे यूटीआर (बँकेचे व्यवहार-ओळख) क्रमांक, संभाषणांचे स्क्रीनशॉट आणि ते बनावट पत्र ही सगळी कागदपत्रे प्रत्येकाने स्वतंत्र जोडली, कारण तीन खात्यांमुळे कोणाचे पैसे कोठे गेले हे जुळवण्यातच तपासाचा बराच वेळ जात आहे.

यापुढे सामूहिक ऑर्डर निघाली तर पैसे क्लबच्याच खात्यात जमा होतील, विक्रेत्याचे जीएसटी बिल आल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत आणि आयातीचा माल असेल तर बिल ऑफ एंट्रीची प्रत सर्वांना पाहायला मिळेल, असे आम्ही ठरवले आहे. तो माणूस आता माळावर येत नाही, पण मुंबई-नाशिककडच्या छंदिष्टांशी आपली ओळख असल्याचे तो नेहमी सांगत असे. तिकडच्या क्लबात कोणी नव्याने येऊन स्वस्त सर्व्हो आणि बॅटऱ्यांची लहान ऑर्डर गोळा करत असेल, तर मोठ्या ऑर्डरची यादी देण्यापूर्वी त्यातल्या एका बॅटरीचे नुसते बाहेरचे आवरण कापून पाहावे.